अमेरिकेतली नॅशनल पार्क आणि बंदुकीचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून उजाडला की भारतातून आई-बाबा येतात आणि येलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटीचे बेत सुरू होतात. ओळखीच्या कुटुंबांना या सहली आखून द्यायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. राहायचं कुठे, दिवस किती ठेवायचे, हे प्रश्न ठरलेले. पण पहिल्यांदा जाणारं जवळजवळ प्रत्येक जण आवाज जरा खाली करून आणखी एक गोष्ट विचारतं : तिथे लोक बंदुका घेऊन फिरतात म्हणे, खरं का? त्या एका प्रश्नातून फुटलेले बाकीचे प्रश्न इथे घेतले आहेत. तुम्ही व्हिसावर असाल तर व्हिसाचं उत्तर आधी वाचा, मग बाकीचं.

नॅशनल पार्कमध्ये बंदूक नेता येते, हे खरं आहे का?

खरं आहे. २२ फेब्रुवारी २०१० पासून केंद्रीय कायदा असा आहे की ज्या राज्यात ते पार्क आहे, त्या राज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत असेल आणि इतर कुठल्या कायद्याने तुमच्यावर बंदी नसेल, तर पार्कमध्येही ती जवळ ठेवता येते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्यातले बरेच जण पहिली अट ऐकतात आणि दुसरी कानाआड करतात, आणि आपल्याला अडचणीत आणणारी नेमकी ती दुसरीच आहे.

शिवाय ही मोकळीक फक्त जवळ ठेवण्याची आहे, झाडण्याची नाही. शिकारीला कायद्याने परवानगी असलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर पार्कमध्ये गोळी झाडणं हा आजही गुन्हा आहे. डबे मांडून नेम धरणं, हवेत बार काढणं, यातलं काहीही चालत नाही.

पूर्वी बंदी होती ना? मग हे बदललं कधी?

येलोस्टोन १ मार्च १८७२ रोजी जाहीर झालं. पण नुसतं पार्क जाहीर करून जनावरं वाचत नाहीत. सुरुवातीची वर्षं शिकार सर्रास चालायची. १८८६ मध्ये शेवटी सैन्याला पाचारण करावं लागलं आणि १९१८ पर्यंत घोडदळाच्या तुकड्यांनी तिथे राखण केली. तरीही मार्च १८९४ मध्ये एक शिकारी भर बर्फात बायसन (गव्यासारखं मोठं रानटी जनावर) मारताना रंगेहाथ सापडला, आणि त्याला शिक्षा देता येईल असा कायदाच नव्हता. पार्कबाहेर हाकलणं, एवढंच हातात होतं. ही बातमी देशभर पोचली, लोक संतापले आणि त्याच वर्षी मे महिन्यात येलोस्टोनमधल्या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. मैदानांवर एके काळी लाखोंनी फिरणाऱ्या बायसनपैकी १९०२ च्या सुमाराला येलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन उरले होते. आज लमार व्हॅलीत गाडी थांबवून आपण जो कळप बघतो, त्यात त्या उरलेल्यांचं रक्त आहे.

बंदुकीवरच्या बंदीमागे ही सगळी पार्श्वभूमी होती. १९३० च्या दशकात नियम कडक झाले. १९८३ च्या नियमाने बंदूक रिकामी करून, बांधून, सहज हाती लागणार नाही अशी गाडीत ठेवायला मुभा दिली. पुढे २००९ मध्ये क्रेडिट कार्ड कंपन्यांना लगाम घालणारं एक विधेयक संसदेत आलं, त्याला बंदुकीची ही तरतूद जोडली गेली आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने कायदा झाला. नऊ महिन्यांनी तो लागू झाला. क्रेडिट कार्डाच्या कायद्यात पार्कचा नियम कसा, असं कोणी विचारलं तर उत्तर हे आहे.

माझं मत विचाराल तर जुना नियम बरा होता. पण मत वेगळं आणि कायदा वेगळा. सहलीला निघताना कायदा माहीत हवा.

आम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा बी-२ वर आहोत. आम्हाला काय लागू होतं?

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट (म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या) व्हिसावर देशात आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवायला मनाई आहे. कामाचा व्हिसा, विद्यार्थ्याचा, जोडीदाराचा, पर्यटकाचा, सगळे त्यात येतात. वायोमिंगमध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे वाक्य तुमच्यासाठी नाही. राज्य मोकळं असलं तरी केंद्राचा हा दरवाजा बंदच राहतो.

कायद्यात अपवाद आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असणं हा त्यातला नेहमी ऐकू येणारा. पण सहकाऱ्याने सांगितलं म्हणून त्या अपवादावर विसंबू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. शिक्षा २०२२ पासून कमाल १५ वर्षं कैद अशी आहे. तुरुंगाची वेळ आली नाही तरी बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं आणि ग्रीन कार्डाची दहा-बारा वर्षांची वाट एका दुपारी संपू शकते.

आता ताबा म्हणजे काय. बंदूक तुमच्या मालकीची असायला लागत नाही. मी एच-१बीवर असताना एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या तंबूतल्या गृहस्थांनी संध्याकाळी मोठ्या प्रेमाने आपलं रिव्हॉल्व्हर दाखवलं. माणूस भला होता. चेंबर उघडून रिकामं आहे याची खात्री करून दिली आणि म्हणाले, धरा, फोटो काढतो. मी धरलं. थंड आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड. फोटो निघाला आणि मी तो हौसेने घरच्यांना पाठवला. पुढे दुसऱ्याच कामासाठी एका वकील बाईंकडे गेले असताना हा किस्सा सहज बोलून गेले, तर त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, तो फोटो कुठे कुठे आहे ते आठवा आणि पुन्हा असं करू नका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यानंतर मी प्रत्येक कुटुंबाला सांगते : कोणी कितीही आग्रह केला तरी हसून नाही म्हणायचं. अमेरिकन माणसाला याचा राग येत नाही. व्हिसाचा नियम आहे, एवढं सांगितलं की तो स्वतःच बाजूला ठेवतो.

ग्रीन कार्ड हातात आल्यावर किंवा नागरिकत्व मिळाल्यावर व्हिसाची ही मनाई उरत नाही. बाकीच्या मनाया मात्र सगळ्यांनाच लागू असतात, उदाहरणार्थ गंभीर गुन्ह्यात किंवा घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात दोषी ठरलेल्यांना. अर्ज नुसता प्रलंबित असेल तर आपण सुटलो असं धरू नका.

मित्राकडे नागरिकत्व आहे आणि त्याची बंदूक त्याच्या गाडीत आहे. आम्ही त्याच्या गाडीतून गेलो तर?

बंदूक त्याची, त्याच्या ताब्यात, कुलुपात, किल्ली त्याच्या खिशात, आणि तुम्ही मागच्या सीटवर बसलेले प्रवासी, तर ती आपोआप तुमची ठरत नाही. परिस्थिती कशी बदलते ते मात्र बघा. मित्र दमला, तुम्ही गाडी चालवायला घेतली, तो ट्रेलवर गेला आणि तुम्ही एकटेच गाडी गावात पेट्रोल भरायला नेलीत. ग्लोव्ह बॉक्समध्ये काय आहे हे तुम्हाला माहीत आहे. आता ती वस्तू कोणाच्या ताब्यात? बंदूक आहे हे ठाऊक असणं आणि तिच्यापर्यंत हात पोचणं, या दोन गोष्टी जुळल्या की न हाताळलेली बंदूकही ताब्यातली मानली जाऊ शकते.

त्यामुळे निघण्याआधीच विचारून टाका. आपल्याला संकोच वाटतो, पण इथे हा प्रश्न नेहमीचा आहे. मुलं दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवतानाही इथले आई-बाप विचारतात. मित्राला म्हणा, या सहलीपुरती घरी ठेव. माझ्या ओळखीत तरी कोणी नाही म्हटलेलं नाही.

राज्याचा कायदा लागू होतो, पण पार्कच दोन-तीन राज्यांत पसरलेलं असेल तर?

पाय ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. येलोस्टोनचा साधारण ९६ टक्के भाग वायोमिंगमध्ये आहे, थोडा माँटानात आणि एक चिंचोळी पट्टी आयडाहोत. या तिन्ही राज्यांचे कायदे बंदुकीच्या बाबतीत सैल आहेत, म्हणून तिथे फरक फारसा जाणवत नाही.

खरी गफलत होते डेथ व्हॅलीत. लास व्हेगासहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी सहल आपले बरेच जण करतात. या पार्कचा बहुतेक भाग कॅलिफोर्नियात आहे आणि एक लहानसा तुकडा नेव्हाडात. नेव्हाडात जे चालतं ते कॅलिफोर्नियात चालत नाही. कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याने दिलेला, बंदूक लपवून बाळगण्याचा परवाना मानत नाही. तिथे गाडीतून पिस्तूल नेताना ते रिकामं आणि कुलूपबंद डब्यात असावं लागतं. व्हेगासला कायदेशीर असलेला माणूस दोन तासांत, एकही वस्तू न हलवता बेकायदेशीर होतो. वाटेत फक्त राज्याची पाटी लागते आणि ताशी ७० मैलांच्या वेगात ती दिसतेच असं नाही.

हे तुमच्या नागरिक असलेल्या मित्राला सांगण्यासारखं आहे. कित्येक अमेरिकनांनाही हे माहीत नसतं.

पार्कमध्ये चालतं, मग व्हिजिटर सेंटरच्या दारावर बंदुकीवर काट मारलेलं चित्र का असतं?

कारण पार्कची जमीन आणि पार्कमधली सरकारी इमारत या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. केंद्र सरकारच्या मालकीची किंवा भाड्याची, सरकारी कर्मचारी नेमाने काम करतात अशी इमारत असेल तर आत बंदूक नेणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन, परमिट देण्याची कचेरी, म्युझियम, हे सगळं त्यात आलं. दारावर तशी सूचना लावणं सरकारवर बंधनकारक आहे, म्हणून ते चित्र.

चाकूबद्दलही विचारलं जातं. फळं कापायला खिशात ठेवतो तो घडीचा चाकू अडीच इंचांपेक्षा लहान पात्याचा असेल तर या कायद्याने तो धोकादायक शस्त्र ठरत नाही. मोठा सुरा असेल तर गाडीतल्या स्वयंपाकाच्या सामानात राहू द्या.

ट्रेलवर कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसला. काय करायचं?

काही नाही. नमस्कार-चमत्कार करून पुढे जायचं.

हे लिहायला सोपं आहे, पण पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, हेही खरं. आपल्याकडे उघड बंदूक दिसते ती पोलिसांच्या नाहीतर बँकेच्या दाराशी. इथे साठीचा एखादा आजोबा नातवंडांना घेऊन चाललेला असतो आणि कमरेला पिस्तूल असतं. बऱ्याच राज्यांत असं उघडपणे लावून फिरणं कायदेशीर आहे. एकटक बघू नका, न विचारता फोटो काढू नका आणि वाद घालू नका. आई-बाबा सोबत असतील तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनी ग्रँड टीटनला असा माणूस पाहिला आणि उरलेला रस्ता माझा दंड सोडला नाही. आधी सांगितलं असतं तर त्यांना तिथला तलाव नीट बघता आला असता, ही रुखरुख मला अजून आहे.

कोणी बंदूक हातात घेऊन धमकावत असेल, दारूच्या नशेत हाताळत असेल किंवा गोळ्या झाडत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथून लांब व्हा आणि ९११ ला फोन करा. बऱ्याच पार्कमध्ये फोनला रेंज नसते, तेव्हा सर्वांत जवळचं रेंजर स्टेशन किंवा लॉज गाठा. ट्रेलचं नाव, किती वाजता आणि माणूस कोणत्या दिशेला गेला, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

रेंजरने गाडी थांबवली तर?

काही रेंजर माहिती देणारे असतात आणि काही कायदा राबवणारे. दुसऱ्या प्रकारच्या रेंजरकडे बंदूक असते, अटकेचे अधिकार असतात, आणि ते पोलिसांइतकेच पोलीस असतात. वेगाने गाडी हाकल्याबद्दल ते थांबवतात आणि दंडही करतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवा. लायसन्स काढायला हात खिशात घालण्याआधी तोंडाने सांगा. गाडीत बंदूक असेल तर आपणहून कळवणं काही राज्यांत बंधनकारक आहे. आपल्या गाडीत ती नसणारच, पण आपली माणसं घाबरून दार उघडून खाली उतरतात, तेवढं मात्र करू नका. बसून राहा.

अस्वलं असतात. मग संरक्षणाला बंदूक नको का?

नको. ही माझी एकटीची भीती किंवा मत नाही, पार्क सांभाळणारं सरकारी खातं, पार्क सेवाही, ग्रिझलीच्या (मोठ्या तपकिरी अस्वलाच्या) प्रदेशात बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवणारा तिखट फवारा, जवळ ठेवायला सांगते.

मे २०१० मध्ये, नवा कायदा लागू होऊन तीनच महिने झाले होते, तेव्हा अलास्कातल्या डेनालीत दोघे जण पाठीवर सामान घेऊन रानात चालत होते. झुडपातून आवाज आला. पुरुषाने पिस्तूल काढलं. ग्रिझली बाहेर आलं आणि बाईच्या दिशेने धावलं, तसा तो गोळ्या झाडत सुटला, साधारण नऊ. अस्वल वळलं आणि झुडपात दिसेनासं झालं. ते मेलं की जखमी होऊन दबा धरून बसलंय, हे कोणालाच कळेना. रेंजरनी तो परिसर बंद केला. दुसऱ्या दिवशी अस्वल मेलेलं सापडलं, गोळ्या लागल्या तिथून शंभरएक फुटांवर. दोघे वाचले, याचं समाधान आहेच. पण नऊ गोळ्यांनंतरही ते चालत गेलं होतं. झुडपात जखमी अस्वल असताना मागून एखादं कुटुंब त्या वाटेने आलं असतं तर? आणि आपल्यापैकी किती जणांचा नेम, समोरून ताशी ३५ मैलांनी येणाऱ्या जनावरावर लागेल?

स्प्रेचा अभ्यास झालेला आहे. १९८५ ते २००६ या काळात अलास्कात बेअर स्प्रे वापरल्याच्या ८३ घटना संशोधकांनी तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नको असलेलं वागणं थांबलं. जवळ स्प्रे असलेल्यांपैकी ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. शिवाय अस्वल शिंकत, डोळे चोळत निघून जातं आणि जगतं. ग्रिझली १९७५ पासून अलास्का सोडून उरलेल्या सलग अमेरिकेत संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत आहे. ज्याला बघायला आपण हजारो मैल येतो, त्याला मारून कोणी परत जाऊ नये.

आणि खरं सांगायचं तर येलोस्टोनमध्ये सर्वांत जास्त माणसं जखमी करणारं जनावर अस्वल नाही, बायसन आहे. ते गाईसारखं शांत चरताना दिसतं आणि आपण सेल्फीसाठी जवळ जातो. ताडोबात जिप्सीतून उतरायलाच बंदी असते, इथे उतरू देतात, म्हणून अंतर राखायची जबाबदारी आपल्यावर येते. येलोस्टोनचा नियम अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि बायसन, एल्क (मोठं हरीण) वगैरे बाकीच्यांपासून २५ यार्ड, २३ मीटर. शेपटी ताठ उभी केलेली दिसली की समजा, त्याचा संयम संपत आला आहे.

बेअर स्प्रे वापरायचा कसा?

आदल्या दिवशी हॉटेलच्या मागे उभं राहून आम्ही तालीम करतो. म्यान कमरेला किंवा छातीच्या पट्ट्यावर अडकवायचं, बॅगेत नाही. बॅगेतला स्प्रे म्हणजे घरी राहिलेला स्प्रे. एका हाताने डबा ओढायचा, अंगठ्याने प्लॅस्टिकची सुरक्षा क्लिप मागे खेचायची, डबा किंचित खाली रोखायचा. क्लिप पहिल्यांदा घट्ट वाटते, म्हणून ज्याच्याकडे डबा राहणार त्यानेच ती काढून-लावून बघायची, चाप न दाबता. अंगावर धावून येणारं अस्वल साधारण ६० फुटांवर आलं की फवारा सुरू करायचा, म्हणजे आपल्या दोघांमध्ये तिखट ढग उभा राहतो आणि अस्वल त्यात शिरतं. वाऱ्याकडे लक्ष हवं.

एक गैरसमज फार आढळतो. हा डास पळवायचा फवारा नाही, अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो. एका हौशी काकांनी तो मुलांच्या जाकिटांवर मारायला घेतला होता, वेळेवर थांबवलं. आत मिरचीतला दाहक अर्क असतो, डोळ्यांत गेला तर दवाखाना. तापलेल्या गाडीत डबा फुटू शकतो, तोही सांभाळा. मुदत छापलेली असते, ती बघून घ्या. वेशीवरच्या गावांतल्या दुकानांत मिळतो.

तो सगळ्या पार्कमध्ये चालतो का? विमानातून नेता येतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. येलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर इथे तो जवळ ठेवा म्हणून सांगतात. योसेमिटीत मात्र तो चालत नाही. पार्कच्या नियमांत डोळ्यांची आग करणारा वायू सोडणारं साधन शस्त्रातच धरलं आहे, आणि ज्या पार्कने खास परवानगी दिली असेल तिथेच ते वापरता येतं. योसेमिटीत ग्रिझली नाही. कॅलिफोर्नियातून ती गेल्या शतकातच नाहीशी झाली. तिथली काळी अस्वलं तुमच्यापेक्षा तुमच्या डब्यातल्या खाण्याच्या मागे असतात. खाणं, टूथपेस्ट, साबण, सगळं कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत ठेवा, गाडीत नाही. काचा फोडून, दार वाकवून ती आत शिरतात.

विमानात बेअर स्प्रे हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. उतरल्यावर विकत घ्या आणि परतण्याआधी देऊन टाका.

मुलांची छर्र्याची बंदूक, गलोल, धनुष्यबाण नेले तर?

नेऊ नका. २०१० च्या कायद्याने फक्त खऱ्या बंदुकांना वाट दिली. छर्र्याची बंदूक, पेंटबॉल, धनुष्यबाण, गलोल यांना जुनाच नियम लागू आहे. ते गाडीत बांधून, वापरता येणार नाहीत असे ठेवता येतात, हातात घेऊन फिरता येत नाहीत. लोकांना हे उलटं वाटतं, पण कायदा असाच आहे. शिवाय मुलाच्या हातातली काळी प्लॅस्टिकची बंदूक दुरून खरी दिसते, आणि समोरच्याकडे खरी असू शकते. ही एकच गोष्ट मी आयांना डोळ्यांत डोळे घालून सांगते.

आम्ही पार्कजवळ राहिलो होतो आणि पहाटे गोळ्यांचे आवाज आले. ते कसे?

शरद ऋतूत हे होतं. पार्कच्या सीमेला लागून बहुधा नॅशनल फॉरेस्ट असतं. नावात नॅशनल असलं तरी ते वेगळ्या खात्याचं, कृषी विभागाखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसचं. तिथे राज्याच्या नियमांप्रमाणे शिकार चालते. नॅशनल प्रिझर्व्ह नावाच्या जागांमध्येही बहुधा शिकारीला परवानगी असते. ग्रँड टीटन तर खुद्द नॅशनल पार्क, पण १९५० च्या कायद्यातच तिथे एल्कची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी परवान्याने शिकारीची सोय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशा भागात चालणार असाल तर भडक केशरी जाकीट किंवा टोपी घाला. तपकिरी, करडे कपडे टाळा.

प्रवेश शुल्क आणि बाकीच्या बंदी?

थोडक्यात सांगते. येलोस्टोनला एका गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर. पण १ जानेवारी २०२६ पासून येलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन यांच्यासह ११ पार्कमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं पूर्ण झालेल्या आणि त्याहून मोठ्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्त पडतात. आई-बाबा पर्यटक व्हिसावर असतील तर हे धरून बजेट करा. ड्रोन उडवायला २०१४ पासून मनाई आहे. फटाके अजिबात नाहीत, ४ जुलैलाही नाहीत.

नेमके नियम बघायचे कुठे?

प्रत्येक पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर कायदे आणि धोरणं असं एक पान असतं, आणि त्यात बंदुकांवर वेगळा मजकूर. तिथेच त्या पार्कच्या प्रमुखाने काढलेली स्थानिक नियमांची पुस्तिका मिळते, सुपरिंटेंडंट्स कॉम्पेंडियम या नावाची. ती कंटाळवाणी वाटते, पण बेअर स्प्रे चालतो की नाही, कुठला ट्रेल बंद आहे, खाणं कसं ठेवायचं, हे सगळं त्यात असतं. राज्याचे बंदुकीचे कायदे त्या त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर बघा. डोंगरात फोन चालणार नाही, तेव्हा हवी ती पानं आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. तरीही शंका राहिली तर पार्कच्या कचेरीत फोन करा, किंवा पोचल्यावर व्हिजिटर सेंटरच्या काउंटरवर विचारा. सकाळी आठ-नऊला गर्दी कमी असते, आणि रेंजर नकाशा उलगडून बोट ठेवून सांगतात.